करड्या घोडीवरचा पोऱ्या

कौसाबाई : हळू बोल, दगू. ओट्यावर तुन्हा सासरा चुनीलाल बसेल शे. भिंतीला कान असतात का ठाऊक नही, व्याह्यांना असतात.

दगू : काय म्हणी ऱ्हायनात ते, फुई?

कौसाबाई : दोन कामं काढून आलेत. पहिलं, सुनेला न्यायचं. तुला तीन दिवस बाजूला बसवलं नि चौथ्या दिवशी तापीपार कळसाडीला खबर. टपालाचा घोडासुद्धा इतका पळत नही.

दगू : आणि दुसरं?

कौसाबाई : दुसरं ऐकून मी तोंडात पदर कोंबला. सारंगखेड्याच्या यात्रेत त्यांनी एक पोऱ्या देखा. डोक्याला फेटा, खाली करडी घोडी. बिथरलेली घोडी गर्दीतून काढली, एका माणसाला खूर लागू दिला नही. गाव विचारलं तर आपलं धानोरा. आता तो त्यांना जावई पाहिजे, धाकट्या पोरीसाठी. मन्हा भाऊ चुडामण गावातल्या सगळ्या पोऱ्यांची नावं घेऊन दमला. तुन्ह्या बापाच्या वाट्याची अक्कल देवानं घोडीला दिली.

दगू : फुई, तो पोऱ्या मी.

कौसाबाई : हो का? मला वाटलं मारुतीराया. घोडी मन्ही, फेटा मन्ह्या मेलेल्या धन्याचा. यात्रेला म्हणून प्रकाशा गावाला मन्ह्या घरी आलीस, नि फेटा पेटीत परत ठेवलास तो घोडीच्या वासासकट.

दगू : मग तू बोलली का नहीस?

कौसाबाई : यात्रेतलं सोंग शे, उतरेल म्हटलं.

दगू : ते सोंग नव्हतं. सोंग हे शे, लुगडं नेसून मी करते ते. तिथं त्यांनी हाक मारली, ‘अरे पोऱ्या!’ पायातला काटा निघावा तसं वाटलं. मग घरी आलो, नि चोळी तंग झाली, पोट दुखलं, मायनं साखर वाटली. सगळे खूश. मला वाटलं, कोणीतरी स्वतःचं अंग मन्ह्यावर टाकून निघून गेलं.

कौसाबाई : म्हणजे तू पोऱ्या शे?

दगू : ठाऊक नही. इतकं ठाऊक शे, कळसाडीला सून होऊन गेलो तर रोज थोडा थोडा मरेन.

कौसाबाई : त्यालाच तर लोक संसार म्हणतात.

दगू : तुलाही असंच वाटायचं?

कौसाबाई : नही. मला बायकांच्या कामाचा कंटाळा होता. तुन्हं दुखणं येगळं शे, ते मला समजी ऱ्हायनं. आता बापाचं धोतर नि फेटा कशाला बांधी ऱ्हायनी?

दगू : बाहेर जातो. खरं सांगतो.

कौसाबाई : व्याह्याला? खरं? सात पिढ्यांत कोणी केलं नही. जा बाई, तू सुरुवात कर.

(ओट्यावर.)

चुनीलाल : अरे, हाच तो! चुडामणभाऊ, पोऱ्या घरात, नि तुम्ही गावभर शोधताय? ये बेटा. बाप कोण तुझा?

दगू : हेच.

चुनीलाल : यांना तर एकच पोर, माझी सून.

दगू : तीच मी. सरकारचा लग्नाच्या वयाचा कायदा यायच्या आत उरकून टाकू म्हणून तुम्ही झोपेतल्या पोरीला कडेवर घेऊन फेरे लावले, ती. घोडीवरही मीच होतो.

चुनीलाल : ही... माझी सून?

कौसाबाई : आणि जावईसुद्धा. एका मांडवात दोन्ही कामं.

चुनीलाल : थट्टा नको, कौसाबाई! भरल्या यात्रेत मी ह्याची... हिची पाठ थोपटली. असा मुलगा माझ्या पोटी पाहिजे होता, असं बोललो!

दगू : बोललात. तुमचे डोळे भरले होते. तोच मी शे, मामंजी. हात तेच, पाठ तीच. काय बदललं?

चुनीलाल : मला काय विचारतेस? चुडामणभाऊ, लग्न मोडलं समजा. पोरीला बाहेरचं लागलंय, पंचांत सांगतो मी.

कौसाबाई : सांगा की. तिलाच जावई करून घ्यायला आलो होतो, हेही सांगा. पंचांना हसून किती दिवस झाले असतील.

चुनीलाल : ...पत्रिका जुळत नव्हती म्हणू.

कौसाबाई : इतक्या वर्षांनी कळलं? असो. ग्रह सावकाशच चालतात. जपून जा, व्याही.

दगू : फुई, गेले ते. आबा तर डोकं धरून बसी ऱ्हायना.

कौसाबाई : त्याला वाटतंय, पोरगी गेली. बसू दे थोडा. तू मन्ह्यासंगे प्रकाशाला चल. इथं गाव आजपासून देवाचं नाव सोडून तुन्हं घेईल. तिथं शेत शे, बैलजोडी शे, आणि मन्ही जीभ शे. लोक बैलांपेक्षा तिलाच भितात.

दगू : तिथंही दर महिन्याला ते येईलच ना?

कौसाबाई : येईल. ते मन्ह्या हातात नही. पडून ऱ्हाय, मी भाकर आणून देईन. साखर वाटणार नही.

दगू : आणि मी नेमका कोण, ते कधीच समजलं नही तर?

कौसाबाई : घाई कोणाला शे? कपाशी वेचताना कोणी विचारत नही. जा, बापाच्या पाया पडून ये. मी गाडी जुंपते.

दगू : आलो पाया पडून, फुई.

कौसाबाई : काय म्हणाला?

दगू : डोक्यावर हात ठेवला. फेटा सैल झाला होता, तो नीट केला.

कौसाबाई : मग आता काय रडी ऱ्हायना? चढ गाडीवर.