समनूच्या जागी मिशी

माहलका : ...आणि वर वाटी चाटून पालथी घातलीत!

कियूमर्स : मुंग्या लागतील म्हणून.

माहलका : दोन दिवस त्या समनूच्या खिरीपाशी ढवळत बसले. गव्हाचे कोंब वाटून वाटून खांदा भरून आला माझा. वर्षभराचं बळ असतं त्यात!

कियूमर्स : मग बळ आहे की घरातच. माझ्या पोटात.

माहलका : नवरोजचं वर्ष पालटायला नऊ मिनिटं राहिलीत. 'सीन' अक्षराने सुरू होणाऱ्या सात वस्तू हव्यात टेबलावर. सीब, सीर, सिरका, सुमाक, सिंजद, सब्जे. सहाच! सातवा समनू तुम्ही गिळलात.

कियूमर्स : साबण ठेव.

माहलका : साबण दुसऱ्या 'स'ने, 'साद'ने लिहितात, 'सीन'ने नाही! एकतीस वर्षं काशानच्या पोरांना शुद्धलेखन शिकवलं, आणि घरात हे रत्न.

कियूमर्स : चहाचा समोवार? तो तर सीनचाच.

माहलका : वाढणारी वस्तू लागते. समोवार वाढतो का?

कियूमर्स : सुंबुलाची फुलं...

माहलका : ती आणायला निघून गप्पा छाटत कोण बसलं होतं? मागे एकदा सहावर भागवलं, तर गच्ची गळली आणि तुमच्या पित्ताशयात खडे झाले.

कियूमर्स : बरं बाई. पण अशी काय बघतेस माझ्याकडे?

माहलका : सिबील.

कियूमर्स : मिशी? अजिबात नाही!

माहलका : सीनने लिहितात. रोज वाढते.

कियूमर्स : मग मी टेबलाशी वाकून बसतो ना, मिशीसकट.

माहलका : वस्तू बशीत लागते.

कियूमर्स : अगं, लग्नाआधीपासूनची आहे! खाली काय आहे ते मलाही आठवत नाही. गल्लीत तोंड कसं दाखवू?

माहलका : समनू चाटताना नाही आठवली गल्ली? चार मिनिटं.

कियूमर्स : ...कात्री धारेची आण. आणि रडलो तर बघू नकोस.

(कात्री. मग वस्तरा. रेडिओवर वर्ष पालटल्याची तोफ.)

माहलका : झाली सात! बघा आता आरशात... अगंबाई!

कियूमर्स : काय? कापलं कुठे?

माहलका : हा मुडपलेला ओठ मी ओळखते.

कियूमर्स : माहलका, ही तर माझी आई!

माहलका : हुबेहूब. आता भातात मीठ कमी म्हणणार.

कियूमर्स : पाच वर्षं झाली तिला जाऊन. तिच्या शेवटच्या नवरोजला तू भेटायलाही गेली नव्हतीस.

माहलका : माहीत आहे. ...हलू नका जरा.

कियूमर्स : का गं?

माहलका : सासूबाई, नवं वर्ष सुखाचं जावो.