धोंडा नावाची लेक

मायबाप हो, एक विचारतो. आई कधी आपल्या लेकराला वाईट नाव ठेवील का? नाही म्हणता? मग एका आईनं देखण्या लेकीचं नाव ‘धोंडा’ का ठेवलं?

हसलात! अहो, एक काळ असा होता — गल्लीत ‘धोंडे!’ अशी हाक मारावी, तर तीन दारांतून ‘ओ’ यायची. आज शोधा बरं एक तरी! आता पाळण्यात कायरा, नायशा — अर्थ विचारला की बाप मोबाईल काढतो!

तर ही धोंडा करमाळ्याकडची. शाळेत पोरी चिडवायच्या, ‘सरक गं, ठेच लागंल!’ रडत घरी यायची. ‘आई, बदल की माझं नाव!’ आई मथुराबाई भाकरी थापत राहायची. शेजारणी आपल्या पोरींना ‘सोने’, ‘बाळे’ म्हणायच्या, हिच्या वाट्याला तेही नाही. पोरीच्या मनात बसलं — आईला मी नकोच होते.

लग्न ठरलं. धोंडाला आनंद कशाचा? नवऱ्याचा? छे! नाव बदलणार याचा! सासरी ताटात तांदूळ पसरले. नवऱ्यानं अंगठीनं लिहिलं — सुहासिनी! सगळे खूश. आणि पाठराखीण म्हणून आलेली मावशी पदरात तोंड घालून रडायला लागली.

‘मावशे, चांगल्या दिवशी रडतीस?’

‘पोरी, तुझ्या आधी दोन लेकी गेल्या गं. दोघींची नावं लाडाची होती. मग तू झालीस, अन् तुलाही ताप चढला. तुझ्या आईनं तुला दारातल्या दगडापाशी ठेवलं अन् ओरडली — इथं लेक नाही, धोंडा हाय! धोंडा कोण उचलून नेतंय? तू जगलीस. तवापासनं तिनं तुला लेक म्हटलं नाही. मरणाला ऐकू जाईल म्हणून भ्यायची.’

नवरी ताटाकडं बघत राहिली. मग तांदळावरनं हात फिरवला — अक्षरं पुसली!

सासू म्हणाली, ‘अगं, लोक हसतील!’

‘हसू देत, आत्याबाई. मला याच नावानं जगवलं.’

सासू रागावली. नवऱ्यानं मात्र अंगठी पुन्हा बोटात घातली. ‘राहू दे आई,’ म्हणाला.

धोंडा पहिल्यांदा माहेरी आली. मथुराबाई भाकरतुकडा घेऊन दारात उभी. बिचारीनं सासरच्यांनी आधीच कळवलेलं नवं नाव पाठ केलेलं. ‘ये, सु... सुहा...’ जीभ वळेना!

‘आई, मी धोंडाच हाय. मावशीनं सांगितलं मला सगळं.’

हातातला तुकडा गळाला, मंडळी! माऊलीनं पोरीला छातीशी धरलं, अन् ओरडली — ‘माझी लेक आली! ऐकू जाऊ दे कुणाला जायचं त्याला — माझी लेक आली!’

आता डॉक्टर आले, लसी आल्या, आणि असली नावं गेली. गेली ते बरंच झालं! कुणा आईला त्यांची गरज न पडो. पण तुमच्या घरी ओबडधोबड नावाची कुणी आजी असेल, आत्या असेल. आज तिच्या पायाशी बसा. विचारा, ‘हे नाव कुणी ठेवलं गं तुझं?’ ती बोलेल तेवढं ऐका. गप्प राहिली, तर तुम्हीही गप्प बसा. देवाचं नाव त्यानंतर घेतलंत तरी चालेल. तो थांबेल!