चष्मा फ्रिजवर

नाही, मूर्खपणा माझाच! आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून तुम्ही "अगंबाई, असं कसं केलंस?" करायला नको. चव्वेचाळीस वर्षांची बाई, औषधाच्या बाटलीवरची तारीख शेजारणीकडून वाचून घेते, आणि ती बाई, म्हणजे मी, गिरगावातल्या भरल्या हॉलमध्ये स्टेजवर वाचन करायला जाते... आणि चष्मा कुठे? फ्रिजवर! विसरले असते तर एक वेळ ठीक होतं हो, पण मुद्दाम ठेवला! का? तर फोटोग्राफर येणार होता! केस रंगवलेले, मोरपंखी साडी, म्हटलं त्यावर तो चष्मा म्हणजे अगदी परीक्षेला सुपरवायझर आल्यासारखी दिसेन मी!

आता तुम्ही म्हणाल, तुला कोणी बोलावलं गं वाचायला? तर अभयनं. अभय म्हणजे आमच्या लालबागच्या बिल्डिंगमधला, वरच्या मजल्यावरचा. जिन्यात क्रिकेट खेळून आमची कुंडी फोडणारा, तोच आता चेलो वाजवतो. चेलो म्हणजे... व्हायोलिनचा थोरला काका समजा, गुडघ्यात धरून बसायचं आणि वाजवायचं. तो आणि अजून तिघं, मिळून चौघांचा ग्रुप. चेंबर म्युझिक म्हणतात त्याला. मला समजवायला आला, "काकू, हे स्टेडियमबिडियमचं संगीत नाही, खोलीत बसून जवळून ऐकायचं." तर आमच्या सासूबाई आतून, "आमच्या खोलयेत माणसा मावनत नाय, हे चार जण वाजवतले खय? मोरयेत?"

पण गंमत अशी की कार्यक्रम होता मुळात त्यांच्यामुळेच! सासूबाई गिरणीत होत्या, सुताच्या खात्यात. अभयनं त्यांच्या आठवणी फोनवर रेकॉर्ड केल्या, त्यातले चार तुकडे काढले आणि ठरवलं की वादनाच्या चार भागांपैकी प्रत्येकाच्या आधी एकेक वाचायचा. "आजी, तुम्हीच वाचा." "मिया नाय. माझो आवाज मशिनीवरचो, लोक उठान पळतले." मग कोण? सून! सून कशाला असते?

तर तुम्हाला सांगते, तीन तुकडे मला तोंडपाठ झाले. भांडी घासताना, कोलंबी सोलताना, सासूबाईंपुढे म्हणून म्हणून... पण चौथ्याला गाडी अडली. त्यात त्या सांगतात की खात्यातल्या गोंगाटात बोलायला कोणी शिकवलं. आणि अभयनं काय लिहिलं होतं? "एका सहकारी स्त्रीने मला शिकवले." सासूबाईंचा विळीवरचा हात थांबला. "खयच्या सहकारी स्त्रीन? तिका नाव नाय?"

नाव आहे हो! रमाबाई. नायगावच्या. आमच्या लग्नात अक्षता टाकायला होत्या, बारशाला होत्या, सासरे गेले तेव्हा आठवडाभर डबा घेऊन येत होत्या. मी गेले अभयकडे. तो डोळे मिटून म्हणतो, "काकू, नाव घातलं की ते एका बाईचं होतं, नाव काढलं की ते सगळ्यांचं होतं." मी घरी येऊन सासूबाईंना म्हटलं, "आई, जाऊ दे ना, एका शब्दाचा तर प्रश्न आहे." सासूबाई गप्प. त्या गप्प बसल्या ना, की मला गॅस चालू राहिल्यासारखं वाटतं. मग म्हणाल्या, "मिया रमाक घेऊन येतलंय."

"अहो, पण रमाबाईंना ऐकू कुठे येतं आता? कान तर गिरणीतच गेले!"

"बघूक येता मा."

संपलं! तर कार्यक्रमाच्या दिवशी पहिल्या रांगेत, मधोमध, या दोघी. रमाबाई पांढऱ्याशुभ्र साडीत, आणि सासूबाई मांडीवर ती त्यांची काळी पिशवी दोन्ही हातांनी अशी गच्च धरून, जसं काही वादकच चोर आहेत! आणि इथे एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. गिरणीत मशिनींचा एवढा धडधडाट, की कानाशी ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. म्हणून या बायका नुसते ओठ हलवून, हातानं खुणा करून बोलायच्या. गिरणी बंद पडून जमाना झाला, सवय काही गेली नाही. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी पण शिकले. शिकले कसली, शिकावंच लागलं! पाहुण्यांसमोर सासूबाई आवाज न काढता मला भरपूर बोलतात.

म्हणजे बघा, मी स्टेजवर खुर्चीत, बाजूला ते चौघं काय सुंदर वाजवतायत, एवढं हळू की समोरच्याचा श्वास ऐकू यावा, आणि सासूबाई पहिल्या रांगेतून चालूच! "सरळ बस." "पाय हलव नको." "तो टकलो बघ, झोपलो." अहो, मला हसू आवरेना! आणि वाजत असताना मान हलवायची नाही, मध्ये टाळ्या वाजवायच्या नाहीत, खोकायचं नाही... आमच्या घरात एवढं शांत फक्त लाईट गेल्यावर असतं, ते पण अर्धा मिनिट.

पहिला तुकडा, झकास. दुसरा, त्याहून झकास. तिसऱ्याला तर एका बाईनं डोळे टिपले. मी मनात म्हटलं, सीमा, आहेस कुठे तू! मग तिसरं वादन संपलं, दिव्याचा गोल माझ्यावर, मी चौथा कागद उचलला... आणि मुंग्या! कागदावर नुसत्या मुंग्या! अभयनं आदल्या दिवशी सुधारून, नाव मात्र न घालता, बारीक टायपात काढून दिलेला. पाठ नाही, दिसत नाही, आणि चष्मा कुठे? फ्रिजवर! कागद लांब धरला, अजून लांब धरला, हात संपला हो माझा! अभय चेलोआडून बघतोय.

मी सासूबाईंकडे बघितलं. डोळ्यांपाशी बोटांचे दोन गोल करून नुसत्या ओठांनी, "चष्मा!" त्यांनी मान हलवली. नाही. मग पिशवी अजून घट्ट धरली, सरळ बसल्या, आणि त्यांचे ओठ हलायला लागले.

आणि मी बोलायला लागले!

"पहिल्या दिवशी खात्यात पाऊल टाकलं आणि वाटलं, मी बहिरी झाले..." त्या ओठांनी सांगतायत, मी मोठ्यानं बोलतेय, त्यांच्या मालवणीचं घाईघाईत आपलं पुस्तकी करत. कागद नुसता हातात, शोभेला. "समोरच्या मशीनवर रमा होती. नायगावची रमा." नाव! पण थांबते कुठली? त्या थांबत नव्हत्या! "रमानं ओठ हलवून विचारलं, जेवलीस? मला कळेना. तिनं परत विचारलं. हा मी शिकलेला पहिला शब्द. डबा आणला नव्हता मी. तिनं अर्धी भाकरी माझ्या हातात ठेवली. पदर सारखो कर गो, पॉट दिसता!"

हो! बोलले मी ते! त्याच सुरात! बोलून गेल्यावर कळलं की ते मला होतं! आणि दुसऱ्या रांगेत एक झब्बेवाले गृहस्थ, पांढरी शेंडी बांधलेले, त्यांनी "आहा!" केलं. आहा? मी इथे पदर सावरतेय आणि हे आहा!

"...गिरणी बंद झाली त्या दिवशी मशिनी थांबलेल्या. गेटाशी कोणीतरी म्हणालं, येते गं बकुळा. वळून बघितलं तर रमा. एवढी वर्षं बोललो, पण तिचा आवाज मला ओळखू आला नाही. घरी जाऊन मी त्या आवाजासाठी रडले. मला बोलायला रमानं शिकवलं. ते सांगायचं राहिलं होतं."

सासूबाईंचे ओठ मिटले. मी कागद खाली केला. आणि रमाबाई, त्या सगळा वेळ माझ्या तोंडाकडे बघत होत्या, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. त्यांनी सासूबाईंना कोपरानं ढोसलं आणि, ऐकू न येणारी माणसं बोलतात ना, तसं खणखणीत, अख्ख्या हॉलला, "बकुळा! माझं नाव घेतलं गं तिनं!"

अभयनं चेलो वाजवायला उचललेला गज तसाच हवेत. मला वाटलं, आता रागावतो की काय. पण तो थांबला. रमाबाईंचं डोळे पुसून होईपर्यंत थांबला, मग त्यांच्याकडे बघून मान झुकवली आणि वाजवायला लागला. त्या पोरानं फोडलेली कुंडी मी त्या क्षणी माफ केली!

नंतर झब्बेवाले माझ्याकडे आले, "बाई, ती पदराची ओळ! अन्नातून थेट लज्जेकडे... काय झेप आहे!" मी म्हटलं, "सासूबाईंची आहे." आणि अभयनं वाकून रमाबाईंना विचारलं, "आजी, कसं वाटलं?" त्या म्हणाल्या, "मला ऐकू नाही आलं बाळा. पण चौघांचे हात बघत होते. एवढा वेळ चाललं, एकाचाही धागा तुटला नाही."

टॅक्सीत बसलो, मी दोघींच्या मध्ये. खरं सांगते, इतकं भरून आलेलं की वाटलं सासूबाईंचे पायच धरावेत. त्यांनी नसतं सांगितलं तर माझी काय शोभा झाली असती! म्हटलं, "आई, तुम्ही होतात म्हणून निभावलं हो. नाहीतर मी मेलीनं चष्मा ठेवला फ्रिजवर..."

सासूबाईंनी काळी पिशवी उघडली. आतून रुमाल काढला, रुमालातून माझा चष्मा काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"आई! हा... हा तुमच्याकडे होता? मी तिथे खुणा करून मरत होते, तेव्हा दिला का नाही?"

सासूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "दिलंय असतंय, तर तू कागदावरचा वाचलं असतंस."