तात्यांची कायदेशीर तितरं

कायद्यानं वागल्यावर पदरात काय पडतं, ते आमच्या तात्यांना इचारा. तात्या म्हंजे माझं चुलतं. तवा शिकारीचा परवाना मिळायचा; त्यो खिशात घालून त्यांनी एकदा सकाळीच अंथुर्ण्याच्या माळावर तीन तितरं पाडली. मी म्हणलं, "तात्या, हितंच सोलू, मीठ-हळद लावू आन् ऊन चढायच्या आत वडगावला घरी जाऊ."

"एक पीस उपटायचं न्हाय," तात्या म्हणले. "सोलल्यावर तितर का मोर, कोण सांगणार? मोराला बंदी हाय. आधी इंदापूरच्या फॉरेस्ट साहेबाला दाखवायचं, मग न्यायचं."

"अवो, तितर मुठीत मावतं."

"कायद्याला मूठ ठावी नसती."

घर मावळतीला, साहेब उगवतीला. गेलो. कचेरीतला शिपाई म्हणला, "साहेब दौऱ्यावर हायत, बसा." बसलो. दुपारी माश्या आल्या. दिवस कलायला लागला तसा शिपाई आपलं स्टूल घेऊन लांब जाऊन बसला.

सांजच्याला जीप आली. साहेब ढेकर देत उतरले, नाकाला रुमाल लावून तितरं बघितली आणि परवान्यावर शिक्का मारला. "कायदेशीर आहेत. न्या लवकर."

तात्या जीपकडं बघत हुते. मागच्या पोत्यातनं मोराचं पीस बाहेर आलं हुतं, डोळ्यासकट.

साहेब आत गेल्यावर तात्यांनी शिपायाला हळूच इचारलं, "आन् ह्याचा परवाना?"

शिपाई म्हणला, "तात्या, मोराचा परवाना सरकार देतच न्हाय. मग साहेबानं आणायचा कुठनं?"