नानांची ताडपत्री

आमच्या वडिलांचं, नानांचं सांगतो. जुन्या मिनीबसमध्ये बिछाना-शेगडी टाकून मी फिरतं घर केलं अन् छतावर सोलर बसवलं. आठवडा झाला, पण बॅटरी काही चार्ज होईना. शेवटी सोलर बसवणाऱ्या सलीमभाईंना कंधारहून बोलावलं. त्यांनी सगळ्या वायरी तपासल्या अन् शिडी लावून वर चढले.

"पॅनलवर ताडपत्री कोणी टाकली?"

नाना म्हणाले, "मीच. एवढ्या उन्हात नवी काच तडकंल की."

"अहो नाना, ऊन हीच तिची वैरण हाय."

जन्मभर देवणी बैल सांभाळलेल्या नानांचा चेहराच पडला. "म्हंजी आठ दिस उपाशी ठिवली का मी तिला?"

आता रोज सकाळी चहाच्या आधी नाना मला विचारतात, "गाडी उन्हात बांधली का रे?"