कीर्तीनं बदललेल्या दोन रेषा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपले शाखाप्रमुख जालिंदरसाहेब, मोहोळहून मुद्दाम आलेल्या कीर्तीच्या मातोश्री मीनाबाई, व्यासपीठावरील मान्यवर, आपल्यावर विश्वास ठेवणारे गुंतवणूकदार, माझे सहकारी आणि जिच्यासाठी आपण जमलो ती कीर्ती सरवदे, सर्वांना शिवलिंगप्पाचा नमस्कार.

या शेअर दलालाच्या कार्यालयात तेवीस वर्षं मी फोनवरच बोलत आलो. समोर माणसं बसली की जीभ जड होते. सांभाळून घ्या.

सोमवारी कीर्ती बंगळूरला नव्या नोकरीवर रुजू होईल. तिच्या हुशारीबद्दल आधीचे वक्ते बोललेच आहेत. मी एकच प्रसंग सांगणार आहे. पण त्याआधी स्वतःबद्दल एक गोष्ट सांगावी लागेल, जी या सभागृहात तिच्याशिवाय कोणाला ठाऊक नाही.

मला लाल आणि हिरवा रंग वेगळे दिसत नाहीत. जन्मापासून.

तुम्ही म्हणाल, मग हा माणूस शेअर बाजारात काय करतो? रास्त प्रश्न आहे. पूर्वी आकडे वाचून भागायचं. मग पडद्यावर आलेख आले, आलेखावर इंडिकेटरच्या रेषा आल्या. एक भावाबरोबर चटकन वळणारी, ती हिरवी. दुसरी सावकाश वळणारी, ती लाल. कोण कोणाला ओलांडून वर गेली, यावर शेअर घ्यायचे की विकायचे ते ठरतं, म्हणून लोक हेच तर विचारतात. मी रेषेवर माउसचा बाण नेऊन तिचं नाव उमटेपर्यंत थांबायचो. चष्मा पुसायचो. वेळ काढायचो.

घरी माझी पत्नी महानंदा होती तोवर भाजीबाजारातही निभावलं. ती अक्कलकोटकडची, मला कानडीत 'री', म्हणजे 'अहो', म्हणून हाक मारायची. "री, ते ठेवा, कच्चं हाय की," म्हणत हातातला टोमॅटो काढून घ्यायची. चार वर्षांपूर्वी ती गेली. मी टोमॅटो आणणंच सोडलं. या वयात भाजीवालीला रंग विचारायची लाज वाटते हो.

मग एक दिवस टेंभुर्णीच्या कुंडलिकरावांचा फोन आला. ते आज समोरच बसले आहेत. "अप्पा, हिरवी वर हाय का लाल?" बाजार पळत होता, बाण न्यायला सवड नव्हती. मी अंदाजानं म्हणालो, "हिरवी." चुकलो. त्या भरवशावर त्यांनी शेअर घेतले आणि पैसे बुडाले. दुसऱ्या दिवशी ते स्वतः आले. "तुमी बगितलं तरी व्हतं का?" एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी सगळ्यांदेखत सांगितलं, "माझं लक्ष नव्हतं." निष्काळजी म्हणवून घेणं मला सोपं वाटलं. कुंडलिकराव, आज जाहीर सांगतो, लक्ष होतं. दिसत नव्हतं.

त्या दुपारी मागच्या खोलीत मी एकटाच डबा घेऊन बसलो होतो. कीर्ती आली. तिला इथं लागून जेमतेम तीन महिने झाले होते.

"काका, तुमचं लक्ष नव्हतं असं मला नाही वाटत. तुम्ही कायम रेषेवर बाण ठेवून थांबता. रंग कळत नाहीत का?"

"चष्म्याचा नंबर वाढलाय," मी म्हणालो.

ती गेली. सुटलो म्हणून बरं वाटलं, आणि लगेच फार वाईट वाटलं. महानंदा गेल्यापासून माझ्याकडे इतकं नीट कोणी पाहिलंच नव्हतं, आणि मी त्या पोरीला परत पाठवलं होतं. डबा तसाच ठेवून मी तिच्या टेबलापाशी गेलो. म्हणालो, "नाही कळत."

तिनं खुर्ची ओढून घेतली. माझ्या संगणकावर त्या इंडिकेटरचा कोड उघडला. इंग्रजी ओळीच ओळी! त्यांत एका जागी हिरवा, एका जागी लाल, असे साधे शब्द. इतकी वर्षं मी दोन शब्दांना घाबरत होतो. तिनं ते खोडून निळा आणि पिवळा लिहिलं. पांढऱ्या पडद्यावर पिवळी नीट दिसेना, मग पडदा काळा केला, रेषा जाड केल्या. दर वेळी विचारायची, "आता? खरं सांगा हां." आणि एक रेषा दुसरीला ओलांडून वर जाताना मला दिसली. मी सत्तावन्न वर्षांचा होतो.

पुढं सॉफ्टवेअर नवं झालं आणि रंग पुन्हा पहिल्यासारखे झाले. कीर्ती रजेवर. आठ दिवस मी गप्प बाण ठेवत बसलो. परतल्यावर ती चिडली, "फोन का नाही केलात? मी इथून गेल्यावर काय करणार?" मला बसवून माझ्याच हातानं ते दोन शब्द बदलायला लावले. पहिल्यांदा स्पेलिंग चुकलं, रेषाच गायब! हसा, आम्हीही हसलो. आता मला येतं.

पण दुपारचा डबा आम्ही बरोबर खायचो. सोमवारपासून ती खुर्ची रिकामी राहील. त्याची तयारी मी अजून केलेली नाही.

साहेबांनी भेटवस्तू आणायचं काम माझ्यावर टाकलं. काल साडीच्या दुकानात बाईंनी विचारलं, "कोणता रंग काढू?" एरवी मी म्हटलं असतं, "काढा कोणताही." काल म्हणालो, "बाई, मला रंग कळत नाहीत. तुम्ही सांगाल का?" त्या हसल्या नाहीत. एकेक घडी उलगडून सांगत बसल्या. ही मोरपंखी, ही डाळिंबी. मी डाळिंबी घेतली. कीर्ती, कशी आहे मला माहीत नाही. तुला आवडली का, ते तू सांग.

मीनाबाई, लेक आमच्याकडे धाडलीत, तुमचे आभार. बोलताना कोणाचं नाव राहिलं असेल, घरातलं जास्त बोलून गेलो असेन, तर पोटात घाला. नमस्कार.