केमिकलवाल्यांचा नंबर

वरसाव्याच्या बसस्टॉपवर शिवदासच्या पुढे दोन तरुण नव्या सीझनसाठी फुटबॉल टीमांचे नंबर लावत होते. त्याने कान टवकारले. त्याचा मुलगा मितेश एका केमिकल कंपनीच्या टीमचा गोलकीपर.

"बँकवाले पहिले."

"मागच्या साली पाचवे होते ना?"

"मागचं सोड रे. आता स्ट्रायकर कोण घेतलाय ते बघ."

"मग केमिकलवाले?"

शिवदासला राहवलं नाही. "त्यांचा गोलकीपर भारी हाय. तिसरा तरी नंबर द्या."

"काका, त्यांना नंबरच नाय. कंपनीने टीमच बंद केली."

"कधी?"

"होळीलाच. सगळे प्लेअर घरी बसलेत."

"न्हाय रे बाबा. आज सकाळीच बूट पुसून दिले मी. प्रॅक्टिसला गेलाय तो."